पूर्वीची नोकरी

वाशीमच्या पाटणी चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ती तिसऱ्यांदा बायोडेटा दुरुस्त करून घेत होती. गाडी अडली ती ‘पूर्वीची नोकरी’ या रकान्यात.

बी.एड.नंतरची सहा वर्षं तिथं बसवायची होती. रिसोडची शाळा बंद पडलेली. मालेगावात तासिका तत्त्वावर दोन वर्षं. पगार पाकिटातून, सही व्हाउचरवर. कारंज्यातून अनुभवाचा दाखला मिळाला, पण जून ते एप्रिल एवढाच. मे महिना म्हणे नोकरीत धरत नाहीत! परदेशातली शाळा मात्र त्याच महिन्याचा हिशेब मागते.

दक्षिण कोरियाशी भारताचा व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यातून पात्र भारतीय शिक्षकांना तिकडं इंग्रजीचे सहायक शिक्षक होण्याची वाट आहे. २००५ पासून भारत अपोस्टिल करारातही आहे, म्हणून पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मिळतो. मालेगावच्या व्हाउचरवर कोण देणार?

“बंद शाळा गाळून टाका ना,” दुकानदार म्हणाला.

तिनं ठेवली. संपर्कासाठी तिथल्या निवृत्त मुख्याध्यापकांचा नंबर दिला, आधी त्यांना विचारून.

“मॅडम, ते इंग्रजीतच बोलतील का हो?” सरांनी फोनवर दोनदा विचारलं.