नवी लेन्स, लाल नेलपॉलिश

बिलावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'नवीन लेन्स बदलली'. आत लेन्स होती जुनीच. हे मला कळलं ते तिच्या बाजूच्या नेलपॉलिशमुळे, कारण ते नेलपॉलिश माझं होतं.

आमचं घर कर्जतला, दहिवलीत. नोकरी फोर्टला, त्यामुळे अर्धं आयुष्य कर्जत लोकलमध्ये गेलं, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर कलकत्त्याच्या सोनोडाइनचे, माझ्या पगारातून घेतलेले. सीडी प्लेअर सोनीचा, नंतर घेतलेला. सीडी जमल्या त्या जेवणाच्या सुट्टीत. डबा लवकर उरकायचा आणि काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जायचं. तिथे बूथमध्ये उभं राहून आधी ऐकता यायचं, आणि न घेता बाहेर पडलं तरी कोणी तोंड वाकडं करत नसे. २०१६ साली ते दुकान बंद झालं.

कॅसेटही होत्या. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या फळीवरच्या कॅसेट चिखलात गेल्या त्या गेल्याच. सीडी मात्र नळाखाली धुतल्या, पंच्याने आतून बाहेर टिपल्या आणि लावल्या, तर वाजल्या. आतल्या पुस्तिकांचा लगदा झाला, त्याचं दुःख वेगळं. तेव्हापासून सीडीवर माझा विश्वास बसला तो बसलाच.

आता नेलपॉलिश. आमच्या इथे एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे गृहस्थ होते, आता ते मुलीकडे राहायला गेले. सीडी अडखळायला लागली की ते घरी येऊन प्लेअर उघडायचे आणि लेन्स पुसून द्यायचे. आमच्याकडचा पाऊस म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लेन्सची काय कथा. एकदा त्यांनी मला लेन्सच्या बाजूचा एक इवलासा प्रीसेट दाखवला. म्हणाले, "वहिनी, हा फिरवला की लेसरला जास्त करंट जातो. मेलेली लेन्ससुद्धा चार दिवस वाचायला लागते, आणि मग कायमची जाते. लोक हीच युक्ती करतात. घरात नेलपॉलिश असेल तर आणा." मी लाल रंगाची बाटली आणून दिली. त्यांनी प्रीसेटवर एक थेंब सोडला. म्हणाले, आता कोणी हात लावला तर कळेल.

ते गेल्यावर प्लेअर पुन्हा अडखळायला लागला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, तबकडीच्या अगदी उलट. आमची अडखळायची ती शेवटच्या ट्रॅकला, म्हणजे बाहेरच्या कडेला. ख्याल छान रंगलाय, द्रुत सुरू झालंय आणि तिथेच टक्, टक्, टक्. म्हणून एका मोठ्या शहरातल्या दुकानात दुरुस्तीला दिला. नाव लिहीत नाही.

पावसाळ्यात दिला. गणपती झाले, दसरा झाला. फोन केला की उत्तर तयार. पार्ट आलेला नाही. कारागीर गावी गेलाय. उद्या नक्की. उद्या म्हणजे कधी, हे विचारायची सोय नव्हती, कारण फोन उचलणारा दर वेळी वेगळा. दिवाळीनंतर प्लेअर मिळाला. बिल भरलं. घरी आणून लावला तर खणखणीत वाजला. मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलंसुद्धा, उशीर झाला पण काम चोख केलं म्हणून. थोड्याच दिवसांत एका सकाळी सीडी घातली आणि डिस्प्लेवर आलं, 'नो डिस्क'. दुसरी घातली, तरी नो डिस्क. मग काहीही घाला, नो डिस्क.

शेजारच्या मुलाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. त्याने तळाचे स्क्रू काढले, त्यातला एक नव्हताच. आत लेन्सच्या बाजूला माझा लाल थेंब, मधोमध खरवडलेला, आणि प्रीसेट पार टोकाला फिरवलेला. त्याने लेन्सची रिबन हलक्या हाताने ओढली तर बोर्डावरचं सॉकेटच हातात आलं. कोणीतरी ते उखडलं होतं आणि डिंकासारख्या कशाने तरी चिकटवून ठेवलं होतं.

मी माझ्या मुलाला घेऊन त्या दुकानात गेले. काउंटरवरचा म्हणाला, "काकू, लेन्स चायनाची येते, तिला गॅरंटी नसते." मी म्हटलं, लेन्स बदललेलीच नाही, हे बघा नेलपॉलिश. तो हसला. मग माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाला, "साहेब, जरा यांना समजवा ना."

माझा मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. प्लेअर माझा, बिल माझ्या नावाचं, प्रीसेट म्हणजे काय ते त्या दोघांपेक्षा मला जास्त माहीत, आणि समजावायचं मला. पैसे गेले ते मी एव्हाना विसरले असते. 'साहेब' मात्र विसरत नाही. मी आवाज चढवला, आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं, पैसे काही मिळाले नाहीत. मुलगा बाहेर आल्यावर म्हणाला, आई, जाऊ दे. तेही मला आवडलं नाही.

कधी कधी वाटतं, त्या कारागिराचा तरी काय दोष? त्याच्याकडे दिवसभर मोबाइलच्या काचा येतात. सीडी प्लेअर वर्षातून एखादा. त्याला तो कोणी शिकवला नसणार आणि मालकाने सांगितलं असणार, काहीतरी करून चालू कर. पण नाही. न घातलेल्या पार्टचे पैसे लावायला कारागिरी लागत नाही. आणि जी लेन्स पुसून, रुळाला ग्रीस लावून कदाचित आणखी काही वर्षं चालली असती, ती जास्त करंट देऊन जाळली. चोरी एक वेळ परवडली, ही तर खून करून वर फी घेण्यातली गत.

तर नवा प्लेअर घेणं आलं. कर्जत, बदलापूर, कल्याण, सगळीकडे विचारलं. तरुण पोरं काउंटरवर असतात, ती आधी दचकतात. एकाने विचारलं, "सीडी म्हणजे कॉम्प्युटरची?" बाकीच्यांचं उत्तर एकच: काकू, तुमच्यासाठी कारवाँ बेस्ट. २०१७ साली तो रेडिओसारखा डबा आला, आत पाच हजार गाणी भरलेली, आणि माझ्या वयाच्या बाईने दुकानात पाऊल टाकलं की तोच पुढे करायचा असा नियम झालाय. वस्तू वाईट नाही, माझ्या नणंदेकडे आहे. पण मला माझ्या सीडी वाजवायच्या आहेत, त्यांनी भरलेली गाणी नकोत, हे सांगायला दर वेळी पाच मिनिटं लागायची.

दुसरं उत्तर, फोनवर सगळं मिळतं. मिळतं, पण सगळं नाही. पुण्याच्या अलूरकरांसारख्या छोट्या कंपन्यांनी काढलेलं कितीतरी काही मला तिथे सापडलेलं नाही. आणि सापडलं तरी तबल्यावर कोण, हार्मोनिअमवर कोण, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. फुकटात ऐकायला गेलं तर आलाप चालू असताना मध्येच सिमेंटची जाहिरात. फोनवर ऐकणं हे ऐकणंच नव्हे, असं मी तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगत होते.

नवे, नीट, स्टिरिओला जोडायचे प्लेअर अजून निघतात. यामाहाचा सीडी-एस३०३ आहे, डेनॉनचा डीसीडी-६०० आहे. हे त्या कंपन्यांचे स्वस्तातले समजले जातात. किंमत ऐकली आणि माझं पेन्शन आठवलं.

मग डीव्हीडी प्लेअर. तो सीडी वाजवतो, मागे लाल-पांढरी आरसीए पिन असते, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला लावली की काम होतं. (फोनो लिहिलेल्या जागी लावू नका, ती तबकडीच्या पिकअपसाठी असते, आवाज फुटतो.) स्वस्त मिळाला म्हणून आणला. घरी आल्यावर कळलं की याला डिस्प्लेच नाही, फक्त एक लाल दिवा. कुठला ट्रॅक चाललाय हे बघायला टीव्ही लावायचा. पहाटे पाचला तोडी ऐकायची तर आधी बैठकीच्या खोलीत बेचाळीस इंची निळा उजेड करायचा! शिवाय एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना हा क्षणभर मुका होतो. स्टुडिओतल्या गाण्यांना ते चालून जातं. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित आणि द्रुत सलग असतं, कंपनीने मध्ये फक्त ट्रॅकचा आकडा घातलेला असतो, तिथे नेमकी सम गिळली जाते.

शेजारच्या मुलाने मात्र त्या डीव्हीडी प्लेअरच्या कोअ‍ॅक्सिअल सॉकेटला एक छोटा डॅक (आकड्यांचा आवाज करणारी डबी) जोडला, आणि आवाज ऐकून मी गप्प बसले. खरं सांगायचं तर जुन्या सोनीत आणि यात मला फरक कळला नाही. त्याचं म्हणणं, कळायचा कशाला? सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक सोळा बिटचा, हे १९८२ साली सोनी आणि फिलिप्सने बाजारात आणलं तेव्हापासून ठरलेलं आहे. स्वस्त असो की महाग, वाचायचे आकडे तेच. मग आपण पैसे कशाचे मोजतो? ट्रेचे, लेन्सचे, डिस्प्लेचे, रिमोटचे. ते एकदा लक्षात आल्यावर माझं निवडणं सोपं झालं. आवाज कसा आहे हे विचारणं मी सोडून दिलं.

लॅमिंग्टन रोडला गेले. कर्जतहून दादर, तिथून वेस्टर्नला बदलून ग्रँट रोड. जुना सोनीही मांडीवर कापडी पिशवीत घेतला होता, काही जमलं तर बघावं म्हणून. लेडीज डब्यात एकीने विचारलं, "व्हीसीआर आहे का हो?" सोनीच्या बोर्डाचं काही जमलं नाही. पण तिथे एका गल्लीत वयस्कर मेकॅनिक भेटले, त्यांनी मला चहा पाजला आणि सेकंडहँड प्लेअर दाखवायला सुरुवात केली. माझ्याशीच बोलले. मुलगा सोबत नव्हताच म्हणा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी सांगते. आधी मागची पट्टी वाचा. जपानहून आलेला माल १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० ला सरळ लावला तर आतला ट्रान्सफॉर्मर जातो. दिसायला ते सर्वांत देखणे असतात, म्हणूनच सावध. आपली स्वतःची सीडी घेऊन जा, सत्तर मिनिटांच्या पुढची, आणि दुकानदार पहिला ट्रॅक लावून मान डोलवायला लागला की त्याला शेवटचा लावायला सांगा. ट्रे पाच-सहा वेळा उघडबंद करा, आतला पट्टा सैल असेल तर तो रुसतो. रिमोट नसेल तर आकड्यांची बटणं पुढे आहेत का ते पाहा. आणि आत लेन्स कुठली आहे ते विचारा. सोनीची केएसएस-२१३ असेल तर उत्तम, कारण ती लेन्स इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांनी वापरली आहे की तिचा जोड अजून काही शे रुपयांत मिळतो. नव्या लेन्सच्या पट्टीवर सोल्डरचा एक ठिपका मुद्दाम सोडलेला असतो, स्थिर विजेने लेसर जाऊ नये म्हणून. बसवल्यावर तो काढायचा असतो. राहिला तर प्लेअर चालत नाही आणि मेकॅनिक तुम्हाला दुसरी लेन्स विकतो.

मी असाच एक काळा, जड, साधा प्लेअर घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर सगळे तोच शोधत बसतील. त्याला मोठे हिरवे आकडे आहेत, चष्म्याशिवाय दिसतात. सोबत एक सुटी लेन्सही घेतली आणि चांदीच्या रंगाच्या पाकिटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कपाटात ठेवली.

माझ्या मुलाने दरम्यान सगळ्या सीडी लॅपटॉपवर आणि तिथून माझ्या फोनवर उतरवून घेतल्या. त्याला मी नको म्हटलं होतं. आता स्वयंपाक करताना त्याच फोनवरून ऐकते, आणि वाईट वाटत नाही. मेथी निवडताना किशोरीताई आमोणकर फोनवर चालतात, हे वरच्या माझ्या ठणकावण्याशी जुळत नाही, माहीत आहे. पहाटेची तोडी मात्र सीडीवरच.

त्या दुकानाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जावं असं अनेकांनी सुचवलं. बिल आहे, खरवडलेल्या नेलपॉलिशचा फोटो आहे. अजून गेलेले नाही, आणि जाणार नाही असंही म्हणत नाही.

एक विनंती. घराघरांत माळ्यावर बंद पडलेले सीडीवाले टू-इन-वन, थ्री-सीडी चेंजर पडून आहेत, दिवाळीत ते भंगारवाल्याला किलोवर दिले जातात. बहुतेकांचा पट्टा तुटलेला असतो किंवा पॉवर गेलेली असते, आतली लेन्स ठीक असते. देण्याआधी आसपासच्या एखाद्या जुन्या मेकॅनिकला विचारा. त्याच्याकडे ती लेन्स शोधणारं कोणीतरी असतं.