काचेबाहेरचे मुखवटे

पोर्ट मॅकनीलहून अलर्ट बेची फेरी बोट सुटली तेव्हा ओल्या दोरखंडाचा, डिझेलचा आणि मासळीचा एकत्र वास आला, आणि खरं सांगायचं तर माझं तिथेच भागलं होतं. मी राहते त्या कॅलगरीहून समुद्र गाठायचा तर आधी रॉकी पर्वत ओलांडावे लागतात. रत्नागिरीकडच्या माणसाला ते जुलैत फार जाणवतं. गावी तेव्हा होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, आणि घरोघरी सुक्या बांगड्यावर दिवस निघतात. कॅलगरीत मात्र नुसतंच कोरडं, निळं आभाळ.

अलर्ट बे हे कॉर्मोरंट बेटावरचं गाव, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं. वाळू नाही, माड नाहीत. देवदाराचं रान थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. इथे नमगीस लोक राहतात. ते स्वतःला ज्या मोठ्या समूहात मोजतात त्याचं नाव क्वाक्वाक्यावाक्व. त्यांच्या पूर्वजांनी आसपासच्या बेटांवर ओहोटीच्या रेषेशी दगडांचे बांध रचून, मागे वाळू साठवून शिंपल्यांच्या बागा केल्या. तरीही बाहेरून आलेल्यांनी शतकभर सांगितलं, की हे लोक काही पिकवत नाहीत, नुसतं गोळा करतात.

मला खुणावत होतं ते इथलं उमिस्ता संग्रहालय. त्यामागे पॉटलॅचची हकीकत आहे. लग्न, नाव ठेवणं, मृत्यू, एखाद्या घराण्याचा नाचाचा किंवा मुखवट्याचा हक्क पुढच्या पिढीकडे जाणं, अशा प्रसंगी यजमान लोकांना बोलावतो, नाच होतात आणि तो आलेल्यांना भेटी वाटतो. भेट घेतली की पाहुणा त्या गोष्टीचा साक्षीदार झाला. दप्तर नाही, शिक्का नाही. साक्षीदारांची आठवण हाच सातबारा. सरकारला आणि मिशनऱ्यांना त्यात फक्त उधळपट्टी दिसली. 1885 पासून पॉटलॅच हा गुन्हा ठरला.

तरी ते होतच राहिले. 1921 च्या डिसेंबरात डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंड या आडबाजूच्या बेटावर मोठा पॉटलॅच केला. होड्या, शिवणयंत्रं, पिठाची पोती, इतकंच काय, बिलियर्डची टेबलंही वाटली. बातमी सरकारी एजंट विल्यम हॅलिडे यांच्यापर्यंत पोचली आणि 45 जणांवर खटले भरले गेले. आरोप वाचले तर हसावं की रडावं कळत नाही: भाषण करणं, नाचणं, भेटवस्तू उचलून नेऊन देणं. पहिल्या गुन्ह्याला दोन महिने कैद, दुसऱ्याला तीन. मुखवटे, खुळखुळे, तांब्याच्या ढाली सरकारजमा करा, म्हणजे शिक्षा स्थगित. काहींनी दिलं, सुमारे वीस जण तुरुंगात गेले. जमा झालेला ऐवज हॅलिडे यांनी चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडला आणि बघायला तिकीट लावलं. मग तो ओटावा, टोरोंटो, न्यूयॉर्ककडे पांगला. काही वस्तू आदिवासी खात्याचे प्रमुख डंकन कॅम्पबेल स्कॉट यांनी स्वतःकडे ठेवल्या. हे गृहस्थ कॅनडाचे नावाजलेले कवीही होते.

संग्रहालयात हे सगळं वाचून मी तिथेच बाकावर बसले. आमच्याकडे शिमग्यात पेटीतून ग्रामदेवतेची रूपं काढून पालखीला लावतात, तेव्हा मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. कुणा कलेक्टरने सांगितलं असतं, की पालखी नाचवाल तर तुरुंग, आणि रूपं जमा कराल तर सुटका, तर आजोबांनी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

1951 मध्ये बंदीचं कलम कायद्यातून निघालं. ऐवज परत मागितल्यावर मात्र ओटावाची अट अशी, की आधी संग्रहालयं बांधा. नेलेली वस्तू परत द्यायला मालकानेच आधी कपाट करून दाखवायचं! 1979 मध्ये केप मज या गावी एक उभं राहिलं, 1980 मध्ये हे उमिस्ता. अजूनही वस्तू येत असतात. फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेतों यांच्या संग्रहातलं एक शिरोभूषण 2003 मध्ये त्यांच्या मुलीने आणून दिलं. मुखवटे नाचात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मांडलेत, आणि पुढे काच नाही. इतकी वर्षं कोंडून होते, ते पुरे.

शेजारच्या मोकळ्या जागेत 2015 पर्यंत सेंट मायकल्स या निवासी शाळेची विटांची इमारत होती, 1929 साली बांधलेली. आदिवासी मुलांना घरातून उचलून इथे ठेवत, आपली भाषा बोललं की शिक्षा. समोर तोच समुद्र. मी गाव सोडलं ते नोकरीसाठी, स्वखुशीने. माझ्या हुरहुरीला विमानाचं तिकीट मिळतं.

विक्रीच्या काउंटरवरच्या आजींनी विचारलं, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, किनाऱ्यावरची. लगेच दुसरा प्रश्न: मासे कुठले? मग बांगडा, सुरमई, सुकट, सगळं निघालं. त्यांनी आतून एक बरणी आणली. युलाकन नावाचे लहान मासे खड्ड्यात मुरवून, उकळून काढलेली ती चरबी. पाहुणे बहुतेक वासावरच मागे सरतात, म्हणाल्या. मी बटाट्याला लावून खाल्ली, पुन्हा मागितली. त्या हसल्या आणि धुरावर सुकवलेल्या सामनचा तुकडा पुढे केला. मिठाशिवाय मासा टिकेल कसा, असं मी विचारलं, आणि त्यावर आमची चांगलीच जुंपली.