आधी आग, मग भांडं

घरी बिअर करायला शिकू पाहणारा माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा धातूचा असतो. स्टेनलेस स्टील घेऊ? ॲल्युमिनियम चालेल? की तांब्याचंच भांडं शोधू? पुण्यात मी धातुशास्त्र शिकलो, पोटापाण्याचं कामही त्याच विषयातलं, आणि डेन्व्हरला स्थायिक झाल्यापासून बिअर करणं आणि शिकवणं हा माझा ध्यास आहे. धातूंविषयी बोलायला मला मनापासून आवडतं. तरीही मी सांगतो, धातूचा प्रश्न शेवटी ठेवा. आधी ठरवा की एका वेळी किती बिअर करायची, ती कोणत्या आगीवर उकळायची आणि नंतर ते भांडं घासायचं कसं. या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की धातू निवडणं सोपं जातं.

अमेरिकेत हा छंद उजळ माथ्याने करता येतो, तो १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे. १९७९पासून प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत परवानगी मिळायला २०१३ साल उजाडलं. १९७८ सालीच आमच्या कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ सुरू केली, आणि घरगुती बिअर करणाऱ्यांना देशभर एकमेकांशी बोलायला जागा मिळाली. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हा लेख केवळ माहिती म्हणून वाचावा.

भांडं निवडायचं तर त्यात काय घडतं ते कळायला हवं. बार्लीला मोड आणून, ती भट्टीत वाळवून माल्ट तयार करतात. भरडलेलं माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते. हे गोड पाणी म्हणजे वॉर्ट. ते गाळून भांड्यात घेतात आणि तास-दीड तास खळखळून उकळतात. या उकळीत जंतू मरतात, माल्टमधली विकरं थांबतात, प्रथिनांच्या गुठळ्या होऊन खाली बसतात आणि हॉप्स या कडू फुलांमधल्या आम्लांचं रूप बदलून बिअरला तिचा कडवटपणा येतो. माल्टमधून येणारं डायमिथाइल सल्फाइड नावाचं द्रव्यही वाफेबरोबर निघून जातं. ते मागे राहिलं तर बिअरला शिजवलेल्या मक्याचा वास येतो. म्हणून उकळताना झाकण पूर्ण लावायचं नाही. झाकणावर जमलेले थेंब तेच द्रव्य परत खाली सोडतात.

आता आकारमान. इथल्या बहुतेक पाककृती ५ गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या असतात. ५ गॅलन बिअरला ५ गॅलनचं भांडं पुरेल असं वाटतं; ते पुरत नाही. तासाभरात ४ ते ६ लिटर पाणी वाफ होऊन जातं, थोडा द्रव गाळाबरोबर तळाशी राहतो. त्यामुळे उकळीला सुरुवात करताना भांड्यात २५-२६ लिटर वॉर्ट लागतं. पहिली उकळी फुटली की प्रथिनांचा फेस दुधासारखा एका क्षणात वर चढतो, आणि उतू गेलेलं वॉर्ट शेगडीवर साखरेच्या डांबरासारखं चिकटतं. फेसाला वर मोकळी जागा हवीच. ८ गॅलनच्या (३० लिटर) भांड्यात हे काम डोळ्यांत तेल घालून करावं लागतं, १० गॅलनच्या (३८ लिटर) भांड्यात निर्धास्तपणे होतं.

माल्ट पिशवीत घालून सगळं एकाच भांड्यात करायची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रूढ केली. हल्ली नवशिके तीच पसंत करतात, कारण भांडी कमी लागतात. त्यात सुमारे २८ लिटर पाणी आणि ५ किलो माल्ट एकदम भांड्यात जातं. माल्ट स्वतःही तीन-साडेतीन लिटर जागा घेतं. या पद्धतीला १० गॅलनपेक्षा लहान भांडं घेऊच नये.

पण भांडं मोठं घेतलं आणि आग अपुरी पडली, तर सगळं मुसळ केरात. इथे थोडं गणित करावं लागतं. अमेरिकेतल्या साध्या भिंतीवरच्या प्लगमधून सतत मिळणारी शक्ती सुमारे १५०० वॅट. २६ लिटर वॉर्ट ६५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला तेवढ्या शक्तीवर पाऊण तासाच्या आसपास वेळ जातो. तेवढं सोसता येईल. खरी अडचण त्यानंतर येते. १५०० वॅटमधली सगळी उष्णता वाफेसाठीच खर्च झाली असं धरलं, तरी तासाला जेमतेम २.४ लिटर पाणी उडतं, आणि भांड्याच्या अंगातून उष्णता बाहेर जाते ती वेगळीच. ४ लिटर उडवायला किमान २५०० वॅट लागतात. म्हणजे घरातल्या प्लगवरच्या शेगडीवर ५ गॅलनची उकळी नीट टिकत नाही. वॉर्ट नुसतं शिजत राहतं. घराबाहेर अंगणात प्रोपेनचा मोठा बर्नर लावा किंवा २४० व्होल्टची जोडणी घेऊन ५५०० वॅटचं कॉइल भांड्यात बसवा. तशी जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, गळती ओळखून वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचसह करून घ्या. प्रोपेनचा बर्नर मात्र घरात, तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना मी वेगळाच सल्ला देतो. अडीच गॅलनची पाककृती घ्या आणि ५ गॅलनचं भांडं स्वयंपाकघरातल्या शेगडीवर ठेवा. बिअर निम्मी होईल, पण उकळी पूर्ण मिळेल. अर्धवट उकळलेल्या १९ लिटरपेक्षा नीट उकळलेली साडेनऊ लिटर बिअर केव्हाही सरस.

डेन्व्हरच्या माणसाला उकळीची चिंता जरा जास्तच. आमचं शहर समुद्रसपाटीपासून १६०९ मीटरवर आहे आणि इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. या पाच अंशांनी हॉप्समधल्या आम्लांचं रूपांतर समुद्रकाठच्या वेगाच्या सुमारे दोन-तृतीयांशावर येतं. म्हणून इथे उकळीचा वेळ वाढवावा लागतो किंवा हॉप्स जास्त घालावे लागतात. वेळ वाढला की वाफही जास्त जाते, म्हणजे सुरुवातीला वॉर्ट जास्त घ्यावं लागतं, म्हणजे पुन्हा मोठं भांडं.

भांड्याच्या घडणीकडेही लक्ष द्या. पसरट भांड्यातून वाफ भराभर जाते आणि नंतर थंड करायची तांब्याची नळी वॉर्टमध्ये पुरती बुडत नाही. फार उंच भांडं ढवळायला आणि घासायला अवघड. उंची रुंदीपेक्षा थोडीशीच जास्त असलेलं भांडं मला सर्वांत सोयीचं वाटतं. त्याचं बूड तुमच्या बर्नरपेक्षा फार मोठं नसावं. बुडात ॲल्युमिनियमचा थर दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये दाबलेला असेल तर उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि दाट वॉर्ट बुडाला लागत नाही. विजेच्या शेगडीवर याचा फार उपयोग होतो. इंडक्शनवर ठेवायचं असेल तर दुकानात चुंबक घेऊन जा. तो बुडाला घट्ट चिकटला तरच भांडं तापेल, कारण नेहमीचं ३०४ प्रतीचं स्टील चुंबकाला दाद देत नाही.

कड्या मजबूत हव्यात. भरलेलं भांडं तीस किलोच्या घरात जातं, आणि ते उकळत असताना उचलायचं नसतंच. यासाठी तळाशी तोटी असावी. ती खोलून सुटे भाग धुता येतील अशीच घ्या. तोटीच्या आतल्या गोळ्यामागे वॉर्ट अडकून राहतं आणि तिथे जंतूंची वसाहत होते. भांड्याच्या आतल्या बाजूच्या मोजमापाच्या खुणा उपयोगी असतात, पण पाणी उकळताना सुमारे ४ टक्के फुगतं हे ध्यानात ठेवा. उकळताना २५ लिटरच्या खुणेवर असलेलं वॉर्ट थंड झाल्यावर २४ लिटर भरतं.

आणि आता धातू. पोलादात क्रोमियम मिसळून न गंजणारं स्टील तयार झालं ते १९१२-१३च्या सुमारास, इंग्लंड आणि जर्मनीत. त्याआधी मोठ्या भट्ट्यांची पसंती तांब्याला असे. तांबं ठोकून हवा तो आकार घेतं आणि उष्णता वाहून नेण्यात ३०४ स्टीलच्या पंचवीसपट सरस आहे. झेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनमध्ये १८४२ साली पहिली पिल्सनर झाली, आणि तिथली पिल्सनर उर्क्वेल आजही उघड्या ज्योतीवर तापणाऱ्या तांब्याच्या भांड्यांचा अभिमान बाळगते. आमच्या शेजारच्या गोल्डन गावात १८७३ साली सुरू झालेल्या कूर्सच्या कारखान्यातही तांब्याची भांडी पाहायला मिळतात. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांना कल्हई लावतात, कारण ताक-चिंचेसारखे आंबट पदार्थ तांब्याला खातात. वॉर्ट तितकं आंबट नसतं आणि भांड्यात थोडाच वेळ राहतं, म्हणून बिअरच्या तांब्याला कल्हई नसते. हिरवा जंग मात्र तिथे दिसताच कामा नये. घरासाठी एवढं मोठं तांब्याचं भांडं महाग पडतं आणि त्याची निगाही कायमची.

ॲल्युमिनियमविषयी लोकांच्या मनात विनाकारण भीती आहे. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो साधारण साडेचार ते साडेआठ सामूच्या दरम्यान टिकतो. वॉर्टचा सामू सव्वापाचच्या आसपास, म्हणजे सुरक्षित पट्ट्यात. नव्या भांड्यात आधी नुसतं पाणी उकळा, थर पक्का होईल. राखाडी पडलेला तळ घासून चकचकीत करू नका. तो थरच भांड्याचं रक्षण करतो. कडक अल्कधर्मी साबण-सोडा मात्र त्याला मारक. ॲल्युमिनियमच्या डब्यात बिअर महिनोन्महिने राहते आणि ती वॉर्टपेक्षा आंबट असते, म्हणून डब्याला आतून लेप देतात. एका तासाच्या उकळीला त्याची गरज नाही. स्वस्त, हलकं आणि लवकर तापणारं हे भांडं नवशिक्याला उत्तम.

३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. अल्कधर्मी पावडरीने ते बिनधास्त धुता येतं. त्याचा मोठा वैरी म्हणजे क्लोरिनचा ब्लीच. ब्लीच घातलेलं पाणी त्यात रात्रभर ठेवलं तर पत्र्याला बारीक खड्डे पडतात. बिअरची जुनी पिंपं कापून केलेली भांडीही मिळतात. पिंपावर भरलेली अनामत म्हणजे विकत घेणं नव्हे. मालकी भट्टीचीच राहते. कापायचं पिंप कायदेशीर मार्गाने घ्या आणि त्यातला दाब पूर्ण सोडल्याशिवाय त्याला हात लावू नका.

एकच भांडं घ्यायचं असेल आणि अंगण असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. १० गॅलनचं, ३०४ प्रतीचं, सुट्या होणाऱ्या तोटीचं स्टीलचं भांडं घ्या. ते तुम्हाला आयुष्यभर पुरेल. पैसे कमी असतील तर त्याच मापाचं जाड ॲल्युमिनियमचं घ्या आणि वाचलेले पैसे बर्नरवर घाला. बिअर दोन्हींत सारखीच चांगली होते.