मराठीत हिशेब ठेवणारा इब्राहिम

अब्बांच्या पश्चात वारसनोंदीसाठी एका कार्यालयात गेलो होतो. अर्ज मीच लिहिला होता. कारकुनाने तो वाचला, खालचे नाव पाहिले आणि कौतुकाने म्हणाला, "मराठी छान आहे हो तुमचं!" माणूस भला होता. मी हसलो. पण इन्सुलीला घरी पोचेपर्यंत ते कौतुक टोचत राहिले. घरचीच भाषा चांगली येते, यात नवल ते काय?

तेव्हा इब्राहिम आदिलशहा आठवला. पहिला. दुसरा इब्राहिम अनेकांना माहीत असतो, 'किताब-ए-नौरस' लिहिणारा, 'जगद्गुरू' म्हणवला गेलेला. त्याचे आजोबा १५३४ ते १५५८ या काळात विजापूरच्या गादीवर होते, त्यांची आठवण फारसे कोणी काढत नाही. आमचा हा मुलूखही आदिलशाहीत होता. शेजारच्या बांद्याचे तेव्हाचे नाव आदिलाबाद.

या राजाने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. फरिश्ता त्या भाषेला 'हिंदवी' म्हणतो. मराठी मुलखात ती मराठीच. यामागे निव्वळ भाषाप्रेम नव्हते. इराणी-तुर्की सरदारांना बाजूला सारून दख्खनी माणसांवर भिस्त ठेवायची, हे राजकारण होते. पण ही माणसे त्याला परकीही नव्हती. त्याची आजी, यूसुफ आदिलशहाची बेगम, मुकुंदराव मराठ्याची बहीण होती.

तो संत नव्हता. गादीवर हक्क सांगणारा एक भाऊबंद गोव्यात पोर्तुगिजांकडे होता. त्याला दूर ठेवण्याच्या व्यवहारात याने बारदेस आणि साष्टी पोर्तुगिजांना देऊन टाकले. शेवटच्या आजारात गुण येईना म्हणून हकिमांना ठार मारल्याचे फरिश्ताच सांगतो, आणि तो तर याच्या नातवाच्या दरबारात लिहीत होता. नाव झाले ते या क्रौर्यामुळे. दफ्तरातली मराठी मागे पडली.

मला त्याची जयंती करायची नाही. फक्त माझा अर्ज पुन्हा पाहिला. अर्ज, वारस, दाखला, नक्कल, मालक, तारीख. फारसी दफ्तरातून गेली, शब्द मराठीत राहिले. आता ते कोणाचे, हे वेगळे काढता येत नाही.

नक्कल आणायला पुन्हा जायचे आहे. परत कौतुक झालेच, तर नुसता हसणार नाही. म्हणेन, "तुमचंही छान आहे हो!"