कडेचा जमाखर्च

धारदार जिनसांविषयी सर्वसाधारण समजूत अशी, की जो अधिक वेळा आणि अधिक जोराने घासतो त्याची धार अधिक चांगली. परंतु बर्फावरून घसरण्याच्या स्कीला जी पोलादी कड असते तिच्यापुरते तरी हे मत मला सर्वथा चुकीचे वाटते. ही कड म्हणजे कारखान्यातून एकदाच मिळालेली आणि पुन्हा कधीही भर न पडणारी ठेव आहे. ती रुंदीला जेमतेम दोन मिलिमीटर भरते, आणि कानशीचा प्रत्येक हात तीतून काही ना काही वजा करीतच जातो. म्हणून घरी बसून स्कीला धार लावण्याचे जे काम मी इतक्या निष्ठेने करीत आले, ते माझ्या मते मूलतः पोलाद काढण्याचे नसून ते राखण्याचे आहे.

पूर्वीच्या स्की निव्वळ लाकडाच्या असत, आणि कठीण बर्फावर त्यांच्या कडा थोड्याच दिवसांत झिजून गोल होत. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी 1926 साली पोलादी कडेचे पेटंट घेतले, आणि पट्टीचे लहान लहान तुकडे लाकडाच्या काठाला स्क्रूंनी बसवण्याची पद्धत रूढ झाली. हे स्क्रू ढिले होत आणि तुकडे निखळत, हे खरे. पण निखळलेल्या तुकड्याच्या जागी नवा तुकडा बसवता येई. आजच्या स्कीत कड ही एकसंध पट्टी असते आणि ती तळाच्या प्लॅस्टिकशेजारी स्कीच्या थरांतच पक्की केलेली असते, त्यामुळे निखळण्याची धास्ती गेली आणि तिच्याबरोबर ती बदलून घेण्याची सवलतही गेली.

मी राहते त्या इन्सब्रुकमध्ये या कडेची परीक्षा विशेष होते. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा फ्योन नावाचा उष्ण वारा हिवाळ्यातही एकाएकी सुटतो, उतारावरचा बर्फ वरवर विरघळवतो, आणि तो थांबून रात्री आकाश निरभ्र राहिले, की सकाळी त्याच उतारावर काचेसारखा पापुद्रा तयार असतो. 1964 च्या ऑलिंपिकच्या वेळी येथे बर्फाचाच दुष्काळ पडला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी उंचावरून बर्फ वाहून आणून शर्यतींचे मार्ग घडवले. आता ते काम पाणी फवारणाऱ्या यंत्रांकडे आले आहे, आणि त्यांचा बर्फ आकाशातून पडणाऱ्या हिमापेक्षा कितीतरी घट्ट बसतो. अशा पृष्ठभागावर बोथट कडेने वळू पाहणारा मनुष्य वळत नाही, आडवा घसरत जातो.

कडेला दोन बाजू आहेत, आणि दोहोंचा न्याय निराळा. तळाकडची बाजू तळाच्या पातळीपासून किंचित उचललेली असते, बहुधा अर्धा ते एक अंश. स्की कितपत कलली म्हणजे कड बर्फाला भिडेल, हे त्या उचलीवर ठरते. दुसरी बाहेरची बाजू. ती काटकोनाहून एखाद-दोन अंशांनी, क्वचित तिनांनी, कमी ठेवतात, आणि तिच्या तीक्ष्णतेवर कडेची पकड अवलंबून असते. माझ्या स्कींना मी तळाकडे एक अंश आणि बाहेर अठ्ठ्याऐंशी अंश हे प्रमाण कायम केले आहे. यांपैकी तळाकडच्या बाजूला मी कानस लावूच देत नाही, कारण तेथे एकदा जास्त उचल झाली तर सगळा तळच यंत्रावर घासून खाली आणल्याशिवाय ती भरून निघत नाही. तेवढ्या एका कामासाठी दुकानातले यंत्र मला मान्य आहे. एरवी दर पंधरवड्याला त्या यंत्राखाली स्की घालणे म्हणजे निष्कारण उधळपट्टी.

तळघरातल्या बाकावर शेगडा आहे. ब्रेक रबरी पट्ट्याने वर ओढून बांधला, स्की शेगड्यात कुशीवर उभी धरली, की प्रथम कोरड्या फडक्याने कड पुसायची आणि तिच्यावरून बोट नव्हे, दृष्टी फिरवायची. खडकावर आदळलेली जागा लगेच ओळखू येते. घर्षणाने तेथले पोलाद क्षणभर तापते आणि भोवतालच्या बर्फाने तितक्याच त्वरेने थंड होते, म्हणजे लोहार हत्याराला पाणी देतो तोच संस्कार तेथे नकळत घडतो, आणि तो ठिपका इतका कठीण होऊन बसतो की कानस त्यावर किंचाळत सरकते व तिचेच दात जातात. यासाठी आधी हिऱ्याचा चुरा बसवलेला निसणा, पाण्यात थोडे स्पिरिट मिसळून त्याने ओला करून, त्या ठिपक्यावर आवाज मऊ होईपर्यंत चालवावा. मग बाहेरच्या बाजूला शाईच्या पेनाने काळी रेघ ओढायची, कोन धरणारे साधन तळाला घट्ट टेकवायचे, आणि टोकाकडून शेपटीकडे एकच हलका हात ओढायचा. शाई सबंध रुंदीभर सारखी निघाली तर कोन बरोबर आहे. वरची रेघ जाऊन खालची राहिली, तर साधन तरी कलले आहे किंवा कडेवरचे प्लॅस्टिक आडवे येत आहे, आणि ते आधी तासून घेतले पाहिजे.

आता पुढचा हात कानशीचा की निसण्याचा, याचा निर्णय घाईने करू नये. बहुतेक वेळा निसणाच पुरतो; खरखरीत, मध्यम आणि मग अगदी मऊ. कानस हंगामात फार तर दोनदा बाहेर निघावी. पोलाद कापले गेले की विरुद्ध अंगाला जी सूक्ष्म झालर उभी राहते, जिला कारागीर बर म्हणतात, ती मऊ निसण्याने तळाच्या बाजूने अलगद काढली नाही, तर तयार झालेली धार पहिल्याच उतारावर मोडून पडते. शेवटी अंगठ्याचे नख कडेवर आडवे ओढावे. नखाचा पांढरा भुगा निघाला, की थांबावे. थांबणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, कारण हात एकदा लयीत आला म्हणजे त्याला आणखी चालावेसे वाटतेच.

आणखी एक बचत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वळताना सारा भार बाहेरच्या पायातल्या स्कीच्या आतल्या कडेवर येतो आणि त्याच कडा लवकर बोथट होतात. स्कीला उजवी-डावी असा जन्मजात भेद नसल्याने, त्यांच्यावर खूण करून दर खेपेस पाय बदलले, तर चारही कडा जवळजवळ सारख्या झिजतात.

इतके सांभाळूनही एक दिवस पट्टी अरुंद होतेच. तशा स्की मी टाकून देत नाही. नोव्हेंबरात, पहिला बर्फ विरळ असून गवतातून दगड डोकावत असतात तेव्हा, त्याच बाहेर काढते, आणि संध्याकाळी परतल्यावर त्यांच्या कडा पुसून कोरड्या करते, गंज येऊ नये म्हणून, आणि दगडांनी केलेली बर तेवढी निसण्याने उतरवते.