भरल्या जहाजाचं वळण

दक्षिण कोरियातल्या उल्सानजवळ आमच्या नव्या जहाजाच्या सागरी चाचण्या होत्या. मी कंपनीतर्फे चीफ ऑफिसर म्हणून हजर होतो. १८० मीटर लांबीचं, कोळसा आणि धान्य वाहणारं जहाज. वेग साडेचौदा नॉट.

आधी पूर्ण वळण. सुकाणू ३५ अंशांवर धरलं की जहाजाचं तोंड पार उलटं होईपर्यंत ते लांबीच्या पाचपटीहून, म्हणजे ९०० मीटरहून जास्त बाजूला जाता कामा नये. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा हा २००२ सालचा निकष. आमचं जहाज साधारण सव्वातीनपटीत फिरलं.

मग नागमोडी चाचणी. सुकाणू १० अंश उजवीकडे, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, १० अंश वळली की लगेच तितकंच डावीकडे. तरी नाळ काही वेळ उजवीकडे जातच राहते. हे पुढे जाणं आमच्या लांबीला आणि वेगाला १७ अंशांपर्यंत चालणार होतं. शेवटी भर वेगात फुल अॅस्टर्न, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात उलटं. सगळं जहाज थरथरलं, नाळ उजवीकडे ओढली गेली आणि जवळपास दोन किलोमीटर जाऊन आम्ही थांबलो. मुभा लांबीच्या पंधरापट, म्हणजे २७०० मीटरची.

आकडे ब्रिजवरच्या तक्त्यात लागले. पण चाचणीत आमची कोठारं रिकामी होती. निकष भरल्या जहाजाचा. गोदीतून नुकत्याच निघालेल्या जहाजात माल कुठला? टाक्यांत पाणी घेऊन चाचणी झाली आणि भरल्या जहाजाचा रकाना गणिताने भरला. शिवाय तिथलं पाणी खोल, ड्राफ्टच्या, म्हणजे जहाज पाण्यात जितकं बुडतं त्याच्या, चौपटीहून जास्त.

पुढे कोळसा घेऊन हुगळीतून हल्दियाला निघालो. पायलटसाहेबांनी चाचणीचे आकडे असलेल्या कार्डावर नजर टाकली आणि म्हणाले, "हे खोल पाण्यातलं. इथे तळ जवळ आहे." उथळ पाण्यात वळणाचा घेर दुपटीपर्यंत वाढू शकतो. वेग ठेवावा तर जहाज आणखी खाली बसतं. कमी करावा तर सुकाणूचा जोर जातो. साहेबांनी वेग उतरवला आणि वळण यायच्या बरंच आधी सुकाणू द्यायला लावलं. नाळ सावकाश हलली. एकदा हलली की आवरायला उलटं सुकाणूही लवकर द्यावं लागलं.

आता कप्तान म्हणून नव्या जहाजावर गेलो की मोकळ्या समुद्रात, माल असताना, सुकाणू देऊन बघतो. वळणाच्या आकड्याशेजारी त्या वेळचा ड्राफ्ट आणि पाण्याची खोली लिहितो. खोली न लिहिलेला आकडा पायलटला सांगत नाही.