जवारीचा हिशेब

तंबोऱ्याची किंमत सांगताना भोपळा, तुनाचे लाकूड, तबली, दांडी, नक्षी, चपड्याचे पॉलिश आणि तारा यांचा हिशेब होतो. परंतु ज्या एका कामावाचून हे सगळे साहित्य मुके राहते, त्या जवारीची रक्कम प्रस्तुत लेखकाच्या मिरजेतील कारखान्याच्या पावतीवर कित्येक वर्षे लिहिलीच जात नव्हती. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला कानशीने इतका सूक्ष्म उतार द्यायचा की छेडलेली तार त्यावर क्षणोक्षणी टेकावी व सुटावी, मूळ स्वरातून त्याचे उपस्वर एकामागून एक उमलत जावेत, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या सुती दोऱ्याने त्या नादाची नेमकी जागा पकडता यावी, या कामाला जवारी म्हणतात. हे काम विकायचे की वाद्याबरोबर नुसते देऊन टाकायचे, असा प्रश्न कारखान्यात कधी निघाला नव्हता. तो काढला वाद्यांशी काहीही संबंध नसलेल्या, केवळ संगणकाच्या पडद्यावरून भेटणाऱ्या एका व्यवसाय-मार्गदर्शकाने, आणि त्या प्रश्नापासून कानस हाती घेण्याची रीतही बदलत गेली.

मिरजेतील या व्यवसायाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून मानला जातो. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे काम आटल्यावर त्या घराण्याचे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले, आणि पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्यावर किराणा घराण्याच्या स्वरप्रधान गायकीचा सहवास या कारागिरीला लाभला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशामुळे गुण आलेल्या वस्तूचे नाव इतरांना वापरता येऊ नये यासाठीची कायदेशीर नोंद झाली. ही नोंद मोलाची आहे. तिने मिरजेचे नाव राखले जाईल, जवारी मात्र कोणत्याही नोंदीने राखली जात नाही, कारण ती वाद्य विकल्यानंतरही बदलत असते.

घोडीचे महत्त्व कारागिरांबाहेरच्या जगानेही ओळखले आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात असे दाखवले की, तार जेथे छेडली जाते त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निष्कंप भाग येतो तो उपस्वर ऐकू येऊ नये हा पाश्चात्त्य भौतिकशास्त्रातील सर्वमान्य नियम तंबोरा व वीणा यांना लागू पडत नाही, आणि याचे कारण त्यांच्या रुंद, वक्र माथ्याच्या घोडीत आहे. निबंधातील ही घोडी एका तारेपुरती समजणे सोपे आहे. कारागिराला मात्र एकाच घोडीवर चार तारा बसवाव्या लागतात. मध्य षड्जात लावलेल्या जोडाच्या दोन तारा पोलादी व बारीक, मंद्र षड्जाची म्हणजे खर्जाची तार पितळी व जाड, तिचे हेलकावे मोठे आणि ताण सैल. त्यामुळे जोडाला जो उतार मानवतो तो खर्जाला मानवत नाही, आणि खर्जासाठी कानस फिरवावी तर शेजारच्या जोडाचा नाद पातळ होतो. काळी एक पट्टीत, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज मानल्यास, जोडाची तार सेकंदाला सुमारे १३९ कंपने करते व खर्जाची सुमारे ६९. या खर्जाचा पाचवा उपस्वर तार सप्तकातल्या गंधारावर येतो, आणि ज्याला गायक स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. तो गंधार खर्जातून उमटावा, पण जोडाच्या वर चढून बसू नये, एवढ्या एका गोष्टीपायी तार सैल करावी, बाजूला सारावी, दोन हात कानशीचे द्यावेत, तार पुन्हा चढवावी, स्वरात आणावी, ऐकावे, आणि पुन्हा सैल करावी. लाकूड निवडणे, भोपळा वाळवणे, दांडी जोडणे ही कामे शिकवता येतात, शिकताही येतात. खर्जाची जवारी मात्र प्रत्येक वाद्यावर पहिल्यापासून शिकावी लागते, आणि पट्टी एका स्वराने उतरवली की तीच घोडी पुन्हा परकी होते.

अशा कामाचे पैसे घेणे प्रस्तुत लेखकाला कमीपणाचे वाटत असे, आणि त्यामागे उदारतेपेक्षा गर्व अधिक होता हे नमूद करणे आवश्यक आहे. नामांकित गायकाने मैफलीआधी तंबोरा पुढे करावा, भोवतालच्या मंडळींनी गप्प व्हावे, दोरा केसभर सरकताच सभागृह भरून यावे आणि गायकाने मान डोलवावी, ही मिळकत पावतीवर मावणारी नव्हती. पैसे घेतले असते तर उस्तादी मजुरीत मोजली गेली असती. २०२० च्या टाळेबंदीत मैफली थांबल्या, त्याबरोबर ही मान डोलवणारी माणसेही दिसेनाशी झाली, आणि त्याच सुमारास कुटुंबातील तरुणांच्या आग्रहाने मार्गदर्शकाशी दृक्‌श्राव्य संभाषणे सुरू झाली. जाहिरात कशी करावी, समाजमाध्यमांवर काय टाकावे, असे काही सांगितले जाईल ही अपेक्षा होती. मार्गदर्शकाने विचारले, ‘ग्राहक तुमच्याकडे परत कशासाठी येतात?’ जवारीसाठी, असे उत्तर देताच पुढचा प्रश्न आला, ‘मग ज्यासाठी माणसे परत येतात त्याच कामाला तुमच्या वहीत पान का नाही?’ धंद्याच्या पुस्तकात हा प्रश्न सामान्य असेल. पण आयुष्यभर ज्या कामाला अमोल म्हटले, त्याला आपण बिनमोल करून ठेवले होते हे त्यातून प्रथमच स्वच्छ दिसले. यापलीकडे त्या गृहस्थाने फारशी युक्ती शिकवली नाही, आणि त्याची आवश्यकताही नव्हती.

याच संभाषणांमध्ये एक चमत्कारिक अडचण उद्भवली. मार्गदर्शकाला जवारीचा फरक ऐकवावा म्हणून तंबोरा छेडला, तेव्हा पलीकडे बोटाचा आघात ऐकू गेला आणि नाद मात्र विरून गेला. असे घडते याचे कारण, दूरसंभाषणाच्या प्रणाली मानवी बोलणे स्पष्ट यावे म्हणून पंख्यासारखा अखंड आवाज गोंगाट समजून गाळतात, आणि तंबोऱ्याचा अखंडपणा त्यांना गोंगाटच वाटतो. काही प्रणालींत मूळ ध्वनी जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते. ती चालू केल्यावर नाद पोचला, परंतु भ्रमणध्वनीच्या लहानशा ध्वनिवर्धकातून ६९ कंपनांचा खर्ज नीट निघतच नाही. ज्या कामाची किंमत लावायची ते काम त्याच वाटेने दाखवता येत नव्हते, आणि दूरदेशीच्या ग्राहकाने मात्र त्याच वाटेने ऐकून वाद्य पसंत करायचे होते. यावर मार्गदर्शकाचा आग्रह असा होता की जे ऐकवता येत नाही ते निदान लिहून द्यावे: वाद्याची पट्टी, प्रत्येक तारेची जाडी व धातू, घोडी हाडाची की शिंगाची, कानस कोणत्या तारेखाली किती वेळा चालली, दोरा कोठे बसला, त्या दिवशी हवा दमट होती की कोरडी. ही वही भरताना आरंभी हात चालत नसे, कारण ऐकून केलेल्या कामाला आकडे देणे म्हणजे त्याचा अपमान असे वाटत राहिले. तरीही हळूहळू असे आढळले की खर्ज जेथे जेथे हट्टाला पेटतो तेथे तारेची जाडी व पट्टी यांची काही ठरावीक जोडीच पुन्हा पुन्हा येते. वहीने खर्जाचा प्रश्न सोडवला नाही, तो कोठे उभा आहे हे दाखवले.

बाजारात या प्रश्नाला बगल देण्याचे दोन मार्ग रूढ झाले आहेत. पहिला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा व भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपचा. रोजच्या रियाजाला त्याची सोय आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, परंतु त्याच्यावर वाढलेला कान प्रत्येक आवर्तन हुबेहूब सारखे येते असे समजू लागतो, आणि खऱ्या तंबोऱ्याच्या जिवंत चढउताराला दोष मानू लागतो. दुसरा मार्ग अधिक हानिकारक आहे. काही दुकानांत घोडी मुद्दाम अतिशय खुली घासून ठेवतात, म्हणजे नवख्या ग्राहकाला पहिल्याच छेडीत भरपूर झणकार ऐकू येतो. अशा घोडीवर तारेचे चर लवकर पडतात, काही महिन्यांत नाद कर्कश होतो, आणि दोष लाकडाला किंवा हवामानाला दिला जातो. बंद, म्हणजे कमी झणकाराच्या, जवारीतून खुलीकडे सावकाश जाता येते, खुलीतून मागे यायचे तर घोडीचा माथाच उतरवावा लागतो. हे ठाऊक असूनही जो कारागीर झणकार विकतो तो ग्राहकापेक्षा गायनाचे अधिक नुकसान करतो, असे स्पष्ट म्हणावे लागते.

वहीचा खरा उपयोग मात्र वेगळ्याच ठिकाणी झाला. वय वाढले की माणसाच्या कानाला सर्वांत आधी अतिउच्च कंपने ऐकू येईनाशी होतात. जवारीची धार याच वरच्या थरात असते, त्यामुळे वयस्क कारागिराला नाद मऊ वाटतो आणि नकळत त्याची कानस जास्त चालते. वहीतील अलीकडच्या नोंदी जुन्या नोंदींशेजारी ठेवल्या असता जोडाखालची कानस वर्षागणिक वाढत गेलेली दिसली. गंधार पूर्वीइतकाच स्वच्छ ऐकू येतो. तो खालच्या थरातला आहे. त्याच्या वरचे जे झळाळते टोक, ज्यावर इतकी वर्षे मान मिळाला, ते आता शिष्याला विचारून ठरवावे लागते. हे सहन करणे सोपे नाही, कारण तंबोरा हाती असताना शेवटचा शब्द आपला असावा ही इच्छा कानाबरोबर म्हातारी होत नाही. तरी व्यवस्था ठरली आहे: खर्ज थोरल्या हाताने लावायचा, जोडाची शेवटची घासणी तरुण कानाने करायची, आणि दोघांची नोंद एकाच पानावर व्हायची. आता पावतीवर जवारीची ओळ स्वतंत्र असते, आणि त्या रकमेतला वाटा शिष्याला मिळतो.

या निमित्ताने गायकांना व विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. मिरजेतून तंबोरा मागवताना नक्षीच्या छायाचित्राआधी आपली पट्टी, तारांची पसंती आणि वाद्य ज्या गावी राहणार तेथील हवेचा दमटपणा कारागिराला कळवावा. वाद्य पोचल्यावर ते काही दिवस तेथील हवेत मुरू द्यावे आणि त्यानंतरच जवारीबद्दल मत बनवावे. आणि वर्षा-दोन वर्षांनी घोडीवर चर दिसू लागले की दोरा ओढत बसण्याऐवजी घोडी कारागिराकडे पाठवावी, व जवारीची मजुरी न सांगता द्यावी.